पुण्यातून ठाण्यात: बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलता येते का?

ऐरोलीची_आई

नमस्कार. माझा मुलगा पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र मेजर (मुख्य विषय), वनस्पतिशास्त्र मायनर (दुय्यम विषय). प्रवेश २०२४-२५ मधला, म्हणजे नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांना लागू झाले त्या पहिल्याच तुकडीतला. तीन सत्रांचे निकाल लागले आहेत, एकही विषय राहिलेला नाही, आणि चौथ्या सत्राची परीक्षा तोंडावर आली आहे.

दिवाळीनंतर माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते हिंडतेफिरते आहेत, पण त्यांना दिवसभर एकटे ठेवता येत नाही आणि माझी नोकरी पाळीची आहे. तिसऱ्या वर्षासाठी घरी यावे, असे मुलानेच सुचवले. आम्ही ऐरोलीला राहतो, त्यामुळे ठाणे काय किंवा वाशी काय, ट्रान्स हार्बरने दोन्हीकडे जाणे त्याला सोयीचे आहे.

अडचण अशी आहे की, पुण्याच्या महाविद्यालयातील कार्यालय सांगते, "टीसी घेऊन जा, मग ते प्रवेश देतील." ठाण्यातील एका महाविद्यालयात विचारले, तर खिडकीवरचे उत्तर होते, "आधी मायग्रेशन आणा, मग बघू." (म्हणजे विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र.) दाखला काढला आणि इथे प्रवेश झालाच नाही, तर मुलगा दोन्हीकडचा सुटेल. नेमका क्रम कोणता, आणि तिसऱ्या वर्षाला हे मुळात शक्य आहे का, हे जाणत्यांनी सांगावे ही विनंती.

पारसिक_बोगदा

ताई, काळजीचे कारण नाही. आता सगळे श्रेयांक (क्रेडिट) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. मुलाच्या डिजिलॉकरमध्ये बारा अंकी क्रमांक असेल. तो क्रमांक नव्या महाविद्यालयाला दिला की खात्यातले श्रेयांक इकडे वळते होतात. विद्यार्थ्याला कुठेही जाता यावे, यासाठीच तर हे सर्व केले आहे.

जुना_अधीक्षक

मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पात्रतेच्या फायली हेच माझे बरीच वर्षे काम होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वरच्या प्रतिसादातली माहिती खोटी नाही, पण त्यातून निघणारा अर्थ चुकीचा आहे. श्रेयांक खात्यात जमा असणे आणि दुसऱ्या विद्यापीठाने ते आपल्या पदवीसाठी स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या नोंदीवरून एवढेच सिद्ध होते की, या मुलाने अमुक विषयाचे इतके श्रेयांक अमुक विद्यापीठात मिळवले. मुंबई विद्यापीठाचा तिसऱ्या वर्षाचा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम ज्या पायावर उभा आहे, तो पाया या मुलाचा झाला आहे का, हे ती नोंद सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते, विषयाशेजारी विषय आणि घटकाशेजारी घटक ठेवून. याला समकक्षता तपासणे म्हणतात, आणि विद्यापीठबदलाचा सारा जीव त्यात असतो. बाकीची कागदपत्रे वेळ खातात, पण निर्णय त्यांच्यावर अवलंबून नसतो.

आता क्रम सांगतो. पुण्यातून आज काहीही काढू नका. टीसी नाही आणि मायग्रेशनही नाही. आधी चार गोष्टी जमवा: तीन सत्रांची गुणपत्रके, पुण्याच्या महाविद्यालयाच्या शिक्क्यासह पहिल्या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम, विषयवार श्रेयांक दाखवणारा उतारा आणि बोनाफाइड. अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला असला, तरी प्रत्येक पानावर महाविद्यालयाचा शिक्का आणि सही असू द्या. बिनशिक्क्याचा कागद खिडकीवरूनच परत येतो. हे घेऊन इकडच्या महाविद्यालयात जा, पण खिडकीवर नको. थेट रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटा. जागा आहे का आणि विषय जुळतात का, या दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरे त्यांच्याकडेच मिळतात. विज्ञान शाखेत तिसऱ्या वर्षाची जागा म्हणजे प्रयोगशाळेतल्या तुकडीतली जागा. वर्गात एक बाक जास्त मावतो, पण प्रयोगाच्या टेबलावर तसे होत नाही.

विभागप्रमुखांनी होकार दिला, तर प्राचार्यांच्या नावे रीतसर अर्ज करा आणि जागा उपलब्ध असून पात्रतेच्या अधीन राहून प्रवेश देता येईल, असे लेखी मागून घ्या. ते पत्र हाती आल्यावर आणि चौथ्या सत्राचा निकाल लागल्यावर मगच पुण्यात टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. इथला प्रवेश सुरुवातीला तात्पुरताच असतो. कागद पुढे विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जातात आणि तिथून पात्रता मिळाली की तो कायम होतो.

निकालाचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवा. तेवढे दिवस धरूनच तयारी करा, पण प्राचार्यांची भेट निकालापर्यंत लांबवू नका.

तलावपाळी

मी थोडे वेगळे मत मांडतो. पदवीला एकच वर्ष उरलेले असताना विद्यापीठ बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नवे शिक्षक, नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिका, अंतर्गत मूल्यमापनाची नवी तऱ्हा, आणि वर घरातले आजारपण. मुलाचे गुण घसरले, तर पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशात ते आयुष्यभराचे नुकसान ठरेल. त्यापेक्षा घरी मदतनीस ठेवण्याचा खर्च आणि वसतिगृहाचा खर्च यांची एकदा तुलना करून पाहावी. वसतिगृहाचे पैसे वाचणार, म्हणून मुलाला आणायचे, हा हिशेब बऱ्याच घरांत न बोलता केला जातो. ताईंच्या घरी तसे आहे असे मी म्हणत नाही.

दुसरा मार्गही आहे. नव्या धोरणात दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुढे परत येता येते. एक वर्ष घरी राहून वडिलांची प्रकृती सुधारली की त्याच महाविद्यालयात परतता येईल.

जुना_अधीक्षक

तलावपाळी यांनी सुचवलेला मार्ग खरोखर उपलब्ध आहे, पण त्याला एक अट आहे. दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायचे असेल, तर दोन वर्षांच्या श्रेयांकांखेरीज ४ श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते. परतायचे ते तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवी. हा दरवाजा मागे उघडा आहे एवढे लक्षात असू द्या, म्हणजे निर्णय घाईत होणार नाही.

मदतनिसाबाबतचे मत मात्र त्यांनी स्वतःपाशीच ठेवले असते, तरी चालले असते.

खाडीपूल

मी पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलले आहे, तेही उलट क्रमाने, म्हणजे सगळ्या चुका करून. रायगड जिल्ह्यातील एका खासगी विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेतला होता. दुसऱ्या सत्रात बाबांची नोकरी गेली आणि तिथले शुल्क झेपेनासे झाले, म्हणून नवी मुंबईतल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात यायचे ठरवले.

पहिली चूक अशी की, दाखला आधी काढला. दुसरी अशी की, बी.कॉम. म्हणजे सगळीकडे सारखेच, असे मी गृहीत धरले. इकडे आल्यावर कळले की, माझ्या पहिल्या वर्षातल्या दोन विषयांना इथे जोडीचा विषयच नाही, आणि इथल्या पहिल्या वर्षात झालेला लेखाशास्त्राचा एक भाग मी कधी शिकलेच नव्हते. प्रवेश मिळाला, पण त्यांच्या बदली इथले दोन पेपर दुसऱ्या वर्षासोबत द्यावे लागले. इतरांची एटीकेटी (राहिलेले पेपर पुढच्या वर्षासोबत देणे) नापास झाल्यामुळे असते, माझी उत्तीर्ण होऊनही होती. घरी हे समजावून सांगताना पुरेवाट झाली.

तिसरा त्रास मूळ कागदपत्रांचा. जुन्या संस्थेने बारावीचे मूळ गुणपत्रक प्रवेशाच्या वेळी ठेवून घेतले होते आणि उरलेल्या दोन वर्षांचे शुल्क भरल्याखेरीज ते मिळणार नाही, असे तोंडी सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ती लगेच परत द्यायची असतात. मी त्या अधिसूचनेचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि आठ दिवसांत गुणपत्रक हाती आले. तोंडी नकार देणारे लोक लेखी नकार द्यायला कचरतात, असा माझा अनुभव आहे. ताई, पुण्यात मुलाचे कोणते मूळ कागद जमा आहेत, याची आजच यादी करा.

ऐरोलीची_आई

सर्वांचे आभार. तलावपाळी, आपला मुद्दा मी मनावर घेतलेला नाही. मदतनीस ठेवून पाहिला आहे. यजमानांना बोलायला त्रास होतो, आणि त्यांचे अर्धे शब्द मुलालाच कळतात.

गेल्या आठवड्यात तीन महाविद्यालयांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राची जागाच नाही. दुसरे महाविद्यालय स्वायत्त आहे. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी शांतपणे सगळा अभ्यासक्रम चाळला आणि म्हणाल्या की मेजरचे विषय पुष्कळसे जुळतात, पण त्यांच्याकडे रसायनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र मायनर देता येत नाही, भौतिकशास्त्रच घ्यावे लागेल. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही विषय आहेत आणि एक जागा रिकामी होण्याची शक्यता आहे, कारण तिथला एक विद्यार्थी बाहेरगावी जाणार आहे. पण तिथल्या लिपिकाने एक नवीच शंका काढली. पदवी मुंबई विद्यापीठाची हवी, तर निम्मे श्रेयांक मुंबई विद्यापीठाचेच असावे लागतात, असे तो म्हणाला. हे खरे आहे का?

जुना_अधीक्षक

तो लिपिक वाचणारा दिसतो. असे लोक कार्यालयात दुर्मीळ असतात, त्याच्याशी ओळख ठेवा.

आयोगाच्या श्रेयांक बँकेविषयीच्या २०२१ च्या विनियमांत अशी तरतूद आहे की, जी संस्था पदवी देणार, तिथेच विद्यार्थ्याने किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असावेत. आता आपल्या मुलाचा हिशेब मांडू. राज्याच्या आराखड्यात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक आहेत. २२ धरले, तर वर्षाचे ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीचे १३२ होतात. पहिल्या वर्षानंतर आलेला विद्यार्थी ४४ घेऊन येतो आणि ८८ इथे मिळवतो. तो निर्धास्त असतो. तीन सत्रे संपवून आलेला विद्यार्थी ६६ आणि ६६, म्हणजे बरोबर काठावर उभा असतो. आपला मुलगा ८८ घेऊन येणार आणि इथे ४४ मिळवणार, म्हणजे एक तृतीयांश. केवळ बँकेतील श्रेयांक वळते करून पदवी मागितली, तर तो इथे अडकतो.

म्हणूनच मी पहिल्या प्रतिसादाला हरकत घेतली होती. श्रेयांक वळते करणे हे एक दार झाले. स्थलांतर प्रमाणपत्र, समकक्षता आणि पात्रता हे दुसरे, जुने दार आहे. त्यात विद्यापीठ असे मान्य करते की, या विद्यार्थ्याची पहिली दोन वर्षे आमच्या दोन वर्षांच्या तोडीची आहेत. नव्या रचनेत ही दोन दारे एकमेकांना कुठे अडवतात, हा प्रश्न महाविद्यालयाच्या पातळीवर सुटणारा नाही. त्यामुळे प्राचार्यांनी आपला अर्ज शिफारशीसह विद्यापीठाकडे पाठवावा, आणि विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षात प्रवेश देऊन मुंबई विद्यापीठाची पदवी मिळू शकेल का, असा नेमका प्रश्न त्या पत्रात असावा. नुसते 'प्रवेशास पात्र आहे का' असे विचारू नये. प्रवेश मिळाला आणि पदवीच्या वेळी फाईल अडली, तर तेव्हा दाद मागायला फार उशीर झालेला असतो.

यात एक वाट अशी निघते की, मुलाने चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची ठरवली, तर एकूण श्रेयांक १७६ होतात. त्यातले ८८ पुण्याचे आणि ८८ इथले. बरोबर निम्मे. मात्र चौथे वर्ष सगळ्या महाविद्यालयांत नसते, तेव्हा त्या तिसऱ्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे चौथे वर्ष आहे का, हे विचारून ठेवा.

मायनरबद्दल माझा सल्ला असा आहे की, भौतिकशास्त्र घ्यायला लावणारे महाविद्यालय कितीही नामांकित असले, तरी ते सोडा. दोन वर्षे वनस्पतिशास्त्र केलेल्या मुलाचे मायनरचे किती श्रेयांक पुरे झाले आहेत आणि किती उरले आहेत, ते उताऱ्यावरून मोजा. उरलेले थोडे असतील, तरी ते त्याच विषयात पूर्ण व्हायला हवेत. स्वायत्त महाविद्यालयांचे स्वतःचे अभ्यास मंडळ आणि स्वतःचा अभ्यासक्रम असतो, म्हणून तिथे जुळणी आणखी बारकाईने होते. ठाण्यातील बांदोडकर किंवा वाशीतील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयासारख्या स्वायत्त ठिकाणी विचारायचे असेल, तर मुंबई विद्यापीठाचा सर्वसाधारण अभ्यासक्रम पाहून जाऊ नका. त्या त्या महाविद्यालयाचाच पाहा.

अर्धा_इंजिनीअर

माझ्या भावाने अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलले. त्या शाखेची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिथली शुल्कसवलत आणि तिचे नियम वेगळे आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. एकच गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. क्षेत्रीय प्रकल्प, कार्यप्रशिक्षण किंवा समाजसेवेचे जे काही तास झाले असतील, त्यांची पूर्ततेची प्रमाणपत्रे पुण्यातून निघण्याआधीच घ्या. गुणपत्रकावर नुसते श्रेयांक दिसतात, आणि काम कोणते केले हे नंतर कुणी विचारले, तर पुण्याला पुन्हा खेप पडते.

तलावपाळी

ताई, माझ्या आधीच्या प्रतिसादातील तो भाग अनाठायी होता, त्याबद्दल क्षमस्व. ५० टक्क्यांचा हिशेब वाचल्यावर मलाही वाटू लागले आहे की, तिसऱ्या वर्षाला बदल करायचाच असेल, तर चार वर्षांचा विचार करूनच करावा. मुलाला पुढे एम.एस्सी. करायचे असेल, तर चौथे वर्ष वाया जाणार नाही. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षात करण्याची सोय नव्या रचनेत आहे, त्यामुळे एकूण वर्षे पाचच राहतात.

पारसिक_बोगदा

माझा प्रतिसाद उथळ होता, हे मान्य करतो. तरी तो बारा अंकी क्रमांक उपयोगाचा आहेच. तीनही सत्रांचे श्रेयांक त्यात खरोखर चढले आहेत का, ते तपासा. माझ्या भाचीच्या खात्यात आईच्या नावाच्या स्पेलिंगमुळे एक सत्र दिसतच नव्हते.

ऐरोलीची_आई

आज कळवण्यासारखे काही घडले, म्हणून लिहीत आहे.

तिसऱ्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे चौथे वर्ष आहे. विभागप्रमुखांनी अभ्यासक्रम ताडून पाहिला. मेजरच्या एका प्रात्यक्षिकात फरक निघाला, तो भाग पाचव्या सत्रात जादा तासांना करून घेऊ, असे ते म्हणाले. वनस्पतिशास्त्राची जुळणी झाली. प्राचार्यांनी अर्ज स्वीकारला आणि अधीक्षक साहेबांनी सांगितला होता तोच प्रश्न, पदवीच्या उल्लेखासह, पत्रात घालून ते विद्यापीठाला पाठवले आहे. पत्राची प्रत आणि जावक क्रमांक मला मिळाला. जागेबद्दलचे लेखी पत्र विद्यापीठाचे उत्तर आल्यावर मिळेल.

मुलगा रविवारी येऊन गेला. चार वर्षांच्या पदवीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "मला चालेल, पण बाबांना विचारा." यजमानांनी मान हलवली आणि मग बराच वेळ काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मुलानेच त्याचा अर्थ लावला. परीक्षेच्या आधी आता पुन्हा पुण्याहून येऊ नकोस, असे ते म्हणत होते.

त्याच्या श्रेयांक खात्यात तिसरे सत्र दिसत नाही. पारसिक_बोगदा, आपण आठवण केली नसती, तर हे माझ्या लक्षातच आले नसते. पुण्याच्या महाविद्यालयात तक्रार दिली आहे.

जुना_अधीक्षक

उत्तम. आता आणखी दोनच गोष्टी. जावक क्रमांक मिळाला आहे, तर पंधरा दिवसांनी विद्यापीठाच्या पात्रता विभागात जाऊन त्या पत्राचा आवक क्रमांक विचारून या. पत्र महाविद्यालयातून निघाले आणि टेबलावर पोहोचले, यांत कधीकधी महिना जातो. दुसरे असे की, अभ्यासक्रमाच्या ज्या शिक्केबंद प्रती दिल्या आहेत, त्या २०२४-२५ च्या तुकडीच्याच आहेत ना, हे मुखपृष्ठावर पाहून घ्या. दोन्ही विद्यापीठांनी या काळात अभ्यासक्रम बदलले आहेत, आणि संकेतस्थळावर जुना आणि नवा शेजारी शेजारी पडलेले असतात.